नत्रदाते कीं वृद्धिदाते?

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला कीं महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या भागांत बाजरीच्या पेरणीची धांदल उडते. ह्या धांदलींत पुष्कळ घरीं आतां असा एक उपचार होतो, जो पूर्वींच्या पिढ्यांना ठाऊक नव्हता. गुळाचें पाणी करून तें थंड होऊं द्यावयाचें, त्यांत एका पुडींतील काळसर भुकटी कालवावयाची, तें मिश्रण बियाण्यावर हलक्या हातानें चोळावयाचें, आणि बियाणें सावलींत सुकवून लगोलग पेरून टाकावयाचें. त्या भुकटींत कोट्यवधि सूक्ष्मजंतु जिवंत असतात. त्यांना हल्लीं जिवाणू म्हणण्याचा प्रघात आहे, आणि भुकटीला जिवाणू-खत. हे जंतु हवेंतील नत्र स्थिर करून पिकाला देतात, असें त्या पुडीबरोबर सांगितलें जातें.

हें सांगणें खोटें नाहीं. पण बाजरीच्या बाबतींत तें फार थोडें खरें आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ घेणें शेतकऱ्याला महाग पडूं शकतें. पुडींतून नत्र मिळणार ह्या भरंवशावर त्यानें युरियाची मात्रा निम्म्यावर आणली, तर पीक उपाशी राहण्याचा संभव आहे. उलट नत्र मिळत नाहीं असें ऐकून त्यानें पुडीच फेंकून दिली, तर जें खरोखर मिळण्याजोगें आहे त्यालाहि तो मुकेल. हे जंतु मुळाशीं बसून नेमकें काय करतात, ह्या प्रश्नाचा उलगडा होण्यास विज्ञानाला सुमारें शंभर वर्षें लागलीं. त्या काळांत शोधणाऱ्यांची दृष्टि बहुतेक वेळ एकाच वस्तूवर खिळलेली होती, आणि उलगडा मात्र बाजूच्या वाटेनें आला.

ती वस्तु म्हणजे नत्र. हवेचा सुमारें चार-पंचमांश भाग नत्राचा असला, तरी वनस्पतीला तो हवेंतून तसाच उचलतां येत नाहीं. मग हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकाला चांगला कां, हा प्रश्न उरतो. कडधान्यामागून घेतलेलें धान्य जोमानें येतें, हें शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. कारण कोणालाच ठाऊक नव्हतें. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें जॉन लॉझ यांनीं १८४३ सालीं शेतीच्या संशोधनाचें केंद्र काढलें होतें. तेथें १८५७ व १८५८ ह्या सालीं लॉझ, त्यांचे सहकारी गिल्बर्ट आणि पग नांवाचे तरुण अमेरिकन रसायनज्ञ यांनीं ह्या प्रश्नाचा छडा लावावयाचें ठरविलें. माती भाजून घेतली, रोपें कांचेच्या झांकणाखालीं वाढविलीं, आंत सोडलेली हवादेखील आम्लांतून धुवून घेतली. निष्कर्ष असा निघाला कीं कोणतीहि वनस्पति, मग ती शेंगवर्गांतील कां असेना, हवेंतील नत्र घेत नाहीं. प्रयोग अत्यंत काटेकोर होता, आणि त्याच्या काटेकोरपणांतच त्याचा दोष लपला होता. माती भाजतांना तींतले जंतुहि भाजून निघाले होते.

पुढची हकीकत शालेय पुस्तकांत येते, म्हणून ती थोडक्यांत सांगून पुढें गेलेलें बरें. जर्मनींत बर्नबुर्ग येथें हेलरीगल आणि विलफार्ट यांनीं नत्ररहित वाळूंत वाटाणे लावले. कांहीं रोपें सुकलीं, कांहीं तरारलीं. सुपीक मातीचें पाणी घालतांच सगळींच तरारूं लागलीं. तें पाणी उकळून घातलें तर मात्र गुण येईना. मुळांवरील गांठींत जिवंत जंतु आहेत व नत्राची किमया त्यांची आहे, हें हेलरीगल यांनीं १८८६ सालीं बर्लिनच्या शास्त्रज्ञसभेंत जाहीर केलें. दोन वर्षांनीं हॉलंडांत बायेरिंक यांनीं तो जंतु वेगळा काढून वाढवून दाखविला. १८९६ सालीं नोबे व हिल्टनर ह्या दोघा जर्मनांनीं 'नायट्राजिन' ह्या नांवानें त्याचें संवर्धन बाजारांत आणलें. आजच्या पुडीचें कुळ तेथवर पोंचतें. भुईमुगाचें रोप उपटून त्याच्या मुळावरील गांठी ज्यानें पाहिल्या आहेत, त्याला ह्या शोधाचें मर्म निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु जगाचें पोट कडधान्यावर भरत नाहीं. गहूं, भात, मका, ज्वारी, बाजरी ह्यांच्या मुळांवर गांठी नसतात. तेव्हां तृणधान्यांसाठीं असा एखादा जंतु सांपडेल काय, हा ध्यास पुढच्या तीन पिढ्यांनीं घेतला. १९०१ सालीं बायेरिंक यांना अ‍ॅझोटोबॅक्टर सांपडला. हा कोणत्याहि मुळांत घर न करतां मातींत स्वतंत्रपणें राहून नत्र स्थिर करतो. आशेला अंकुर फुटला. मात्र ह्या जंतूचा खर्च फार मोठा होता. एक ग्रॅम साखर खाऊन तो साधारणतः दहा मिलिग्रॅम नत्र देतो. म्हणजे एक किलो नत्रासाठीं त्याला क्विंटलभर साखर खावयास घातली पाहिजे. एवढी साखर शेतांत येणार कोठून? हा हिशेब कोणत्याहि किराणा दुकानदारानें क्षणांत केला असता. पण ध्यास लागलेल्या माणसाला हिशेब दिसत असूनहि दिसत नाहीं. मुळें आपल्या आहारांतला कांहीं अंश भोंवतालच्या मातींत पाझरवितात व त्या पाझरावर जंतूंची दाट वस्ती जमते, हें हिल्टनर यांनीं १९०४ सालींच दाखवून त्या मूलपरिसराला 'रायझोस्फिअर' असें नांव दिलें होतें. त्या पाझरावर अ‍ॅझोटोबॅक्टरचें पोट भरेल अशी आशा कित्येकांना वाटली.

ह्याच काळांत, ह्या मंडळींशीं कसलाहि संबंध नसलेली दुसरी एक शोधयात्रा चालू होती. खिडकींत ठेवलेल्या कुंडींतलें रोप उजेडाकडे वळतें, हें घरोघर दिसतें. तें वळतें कां? चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनीं गवताच्या कोंबांवर प्रयोग करून १८८० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं उजेड जाणवतो तो कोंबाच्या शेंड्याला आणि वांकतो तो खालचा भाग. म्हणजे शेंड्याकडून खालीं कांहींतरी निरोप जात असला पाहिजे. हा निरोप म्हणजे एक द्रव्य आहे, हें १९२६ सालीं उट्रेख्ट येथें फ्रिट्स वेंट ह्या तरुणानें सिद्ध केलें. ओटच्या कोंबांचे कापलेले शेंडे त्यानें अगरच्या चकतीवर कांहीं वेळ ठेवले, मग शेंडे फेंकून देऊन ती चकती बिनशेंड्याच्या कोंबावर एका बाजूस बसविली. कोंब अंधारांतहि वांकला. चकतींत उतरलेल्या त्या वाढीच्या द्रव्याला पुढें ऑक्सिन म्हणूं लागले. अशा द्रव्यांना आतां मराठींत संप्रेरकें हा शब्द रूढ झाला आहे: एका जागीं निर्माण होऊन दुसऱ्या जागीं, अत्यल्प मात्रेंत, वाढीची आज्ञा पोंचविणारीं द्रव्यें.

हें ऑक्सिन म्हणजे रासायनिक दृष्ट्या काय? उट्रेख्टमध्येंच कोएगल ह्या रसायनज्ञानें १९३४ सालीं मनुष्याच्या मूत्रांतून कोंब वांकविणारें एक द्रव्य काढलें, आणि तें इंडोल-अ‍ॅसेटिक आम्ल निघालें. गंमत अशी कीं हें आम्ल नवें नव्हतेंच. जर्मनींत साल्कोव्स्की बंधूंनीं जंतूंनीं कुजविलेल्या प्रथिनांतून तें १८८५ सालींच मिळविलें होतें. म्हणजे वनस्पतीचें संप्रेरक म्हणून ओळख पटण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षें आधीं हें द्रव्य जंतूंचें उत्पादन म्हणून रसायनशास्त्राच्या दप्तरीं नोंदलेलें होतें. लोहाच्या क्षारानें व आम्लानें त्याला गुलाबी रंग येतो. साल्कोव्स्कींच्या नांवाची ती कसोटी आजहि कृषि-महाविद्यालयांतील विद्यार्थी करतात. जंतूंच्या संवर्धनांत थेंब टाकावयाचे आणि रंग येतो कीं नाहीं तें पहावयाचें.

केनेथ थीमन ह्या शास्त्रज्ञाला ह्या दोन वाटा एकत्र येत असल्याची चाहूल लागली होती. १९३५ सालीं त्यांनीं एका बुरशीच्या संवर्धनांतून हेंच आम्ल काढलें. १९३६ सालीं वाटाण्याच्या मुळावरील गांठींत ऑक्सिन असल्याचें दाखवून, जंतु गांठ उठवितात त्यांत ह्या द्रव्याचा हात असावा, असें मत मांडलें. धागा हातीं आला होता. तो ओढून पहाण्याची निकड मात्र कोणास वाटली नाहीं, कारण नत्राचें वेड उतरलें नव्हतें.

तें वेड शिगेला पोंचलें तें रशियांत. सोव्हिएट राजवटींत अ‍ॅझोटोबॅक्टरचें 'अ‍ॅझोटोबॅक्टेरिन' नांवाचें खत १९५० नंतरच्या वर्षांत अफाट क्षेत्रावर वापरलें गेलें. अहवाल उत्साहवर्धक असत. कोठें पीक वाढे, कोठें मुळींच वाढत नसे, आणि जेथें वाढे तेथेंहि ती वाढ नत्रामुळें झाली असें म्हणण्याजोगा पुरावा सांपडेना. इतर देशांतील संशोधक साशंक होऊन ह्या प्रकरणाकडे पाठ फिरवूं लागले होते. अशा वेळीं रोथॅमस्टेड येथें, म्हणजे जेथें माती भाजून एक मोठी चूक झाली होती त्याच ठिकाणीं, मार्गारेट ब्राउन ह्या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला. जंतु नत्र देतात कीं नाहीं हें बाजूस ठेवून, जंतु लावलेलें रोप दिसतें कसें, हें त्यांनीं पाहिलें. टोमॅटोच्या रोपांना अ‍ॅझोटोबॅक्टर लावला असतां खोडाच्या व पानांच्या वाढींत जे फरक पडले, तसेच फरक त्यांना जिबरेलिन ह्या संप्रेरकाचे थेंब देऊनहि पडले. हा निबंध १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. चार वर्षांनीं त्यांनीं जंतूंच्या संवर्धनांत जिबरेलिनासारखीं द्रव्यें प्रत्यक्ष असल्याचें दाखविलें. नत्र देणारा म्हणून ज्याची ख्याति, तो जंतु रोपाला अन्न न देतां आज्ञा देत होता.

ह्या कथेंतील सर्वांत जिद्दी व्यक्तीचा प्रवेश येथें होतो. योहाना ड्योबेरायनर ह्या बाईंचा जन्म १९२४ सालीं चेकोस्लोव्हाकियांत एका जर्मनभाषिक घरांत झाला. महायुद्ध संपल्यावर तेथील जर्मनभाषिकांना देशाबाहेर घालविण्यांत आलें, त्यांत ह्या कुटुंबाचीहि वाताहत झाली. तरुण योहानानें जर्मनींत शेतांवर गाई दोहण्याचें व खत पसरण्याचें काम केलें, मग म्युनिकला कृषिशास्त्राची पदवी घेतली, आणि १९५० च्या सुमारास ती ब्राझीलमध्यें जाऊन पोंचली. रिओ द जानेरोजवळच्या सेरोपेदिका येथील सरकारी कृषिसंस्थेंत तिला मातींतील जंतूंवर काम मिळालें. पुढचें सारें आयुष्य तिनें तेथेंच घालविलें. ब्राझीलमध्यें सोयाबीनचें पीक पसरत असतां, त्याला विकतचें नत्रखत न घालतां जंतूंवरच वाढवावें, ह्या धोरणाच्या पाठीशीं ज्या शास्त्रज्ञांचें वजन उभें राहिलें त्यांत ह्या बाई अग्रभागीं होत्या. आणि त्या देशाचें त्यामुळें किती परकीय चलन वांचलें ह्याला गणती नाहीं. कडधान्यापुरती नत्राची कथा खरी होती, आणि ती त्यांनीं राष्ट्राच्या पातळीवर खरी करून दाखविली.

पण त्यांचें मन गुंतलें होतें गवतांत. ब्राझीलच्या उष्ण प्रदेशांत बिनखताच्या जमिनीवरहि कुरणें हिरवीं रहातात, तीं कशाच्या बळावर? एका गवताच्या मुळाशीं त्यांना अ‍ॅझोटोबॅक्टरची नवी जाति सांपडली व १९६६ सालीं त्यांनीं तिला त्या गवताच्या वंशावरून पास्पाली हें नांव दिलें. पुढें १९७३ सालच्या तेलसंकटानें नत्रखतांचे भाव कडाडले आणि त्यांच्या कामाकडे जगाचें लक्ष वळलें. त्याच सुमारास त्यांनीं व रोथॅमस्टेडचे जॉन डे यांनीं एका विस्मृतींत गेलेल्या जंतूला उजेडांत आणलें. बायेरिंक यांनीं १९२५ सालीं त्याचें वर्णन करून ठेवलें होतें. नंतर त्याच्याकडे फारसें कोणी पाहिलें नव्हतें. १९७८ सालीं त्याला अ‍ॅझोस्पिरिलम हें कुलनाम मिळालें. आज बाजरीच्या पुडींत असतो तो हाच.

हा जंतु इतकीं वर्षें दृष्टीआड कां राहिला, ह्याचें कारण मोठें मनोवेधक आहे. त्याला प्राणवायु हवा असतो. पण नत्र स्थिर करतांना फार प्राणवायु त्याला सोसत नाहीं. उघड्या बशींत तो गुदमरल्यासारखा होई, बंद नळींतहि वाढत नसे. ड्योबेरायनर बाईंनीं अगर इतका थोडा घातला कीं माध्यम ना धड घट्ट, ना धड पातळ, असें अर्धवट जेलीसारखें झालें. त्यांत नत्र मुळींच घातला नाहीं. अशा नळींत सोडलेला जंतु पृष्ठभागाखालीं कांहीं मिलिमीटरांवर, जेथें प्राणवायु त्याला मानवेल तितकाच झिरपतो, तेथें येऊन थांबतो, आणि तेथें एक पातळ पांढरा पडदा धरतो. दुधावर साय धरावी तसा. मात्र ही साय पृष्ठभागाच्या किंचित् खालीं असते. नळी हातांत घेऊन उजेडाकडे धरली कीं साध्या डोळ्यांनीं निर्णय होतो. ज्या देशांत यंत्रसामग्री तुटपुंजी, तेथें ही युक्ति वरदान ठरली.

मक्याच्या व गवताच्या मुळांत हा जंतु किती नत्र स्थिर करतो ह्याचे आंकडे १९७५ च्या सुमारास प्रसिद्ध होऊं लागले, आणि ते थक्क करणारे होते. १९७६ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडांतील संशोधकांनीं बाजरीवर शेतांत प्रयोग करून असें मांडलें कीं ह्या जंतूच्या योगें हेक्टरीं ४२ किलोपर्यंत नत्रखताची बचत होते. शेंगवर्गाबाहेरचें धान्य नत्राच्या बाबतींत स्वावलंबी होण्याचा दिवस जवळ आला, असें कित्येकांनीं उघडपणें लिहिलें. भारतांतल्या प्रयोगशाळाहि ह्या कामाला लागल्या.

मग आंकड्यांची झडती सुरू झाली. मोजण्याची रीत अशी होती: नत्र स्थिर करणारें जंतूंतील विकर अ‍ॅसेटिलिन वायूचें इथिलिनमध्यें रूपांतर करतें, म्हणून मुळें बाटलींत घालून अ‍ॅसेटिलिन सोडावयाचें आणि किती इथिलिन निघालें तें मोजावयाचें. परंतु मुळें शेतांतून उपटून, धुवून, रात्रभर अल्प प्राणवायूंत ठेवण्यांत येत, आणि मोजणी दुसऱ्या दिवशीं होई. कापलेल्या मुळांतून झिरपणाऱ्या आहारावर जंतु त्या एका रात्रींत भराभर वाढत. शेतांत जें घडत नव्हतें तें बाटलींत घडत होतें. मुळें न उपटतां मोजणी केली तेव्हां आंकडा कोसळला. नत्राच्या जड अणूंचा माग काढून केलेल्या परीक्षांनींहि बहुधा तेंच सांगितलें: धान्याला ह्या जंतूकडून मिळणारा नत्र बहुतेक ठिकाणीं किरकोळ. ज्यांनीं ह्या आशेवर आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घातलीं त्यांना हा निकाल किती झोंबला असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

तरीहि एक गोष्ट कोणालाच नाकारतां येईना. जंतु लावलेलीं रोपें पुष्कळदां खरोखर चांगलीं येत होतीं. नत्र नाहीं, तर मग काय? ब्राउन बाईंच्या प्रयोगशाळेंत बारेआ ह्या स्पॅनिश संशोधकाबरोबर १९७४ सालींच ह्या प्रश्नाचें एक उत्तर मिळालें होतें, आणि तें ड्योबेरायनर बाईंच्याच लाडक्या पास्पाली जातीविषयीं होतें: तिच्यामुळें रोपांत होणारे बदल वाढीच्या संप्रेरकांमुळें होतात. नंतर १९७९ सालीं, तीन वर्षांपूर्वीं ४२ किलो नत्राची ग्वाही दिलेल्या त्याच फ्लॉरिडांतून टिएन, गॅस्किन्स व हब्बेल यांचा निबंध आला. गॅस्किन्स यांचें नांव दोन्हीं निबंधांवर आहे. आपलाच जुना अर्थ बाजूस सारून नवा अर्थ स्वीकारण्याचा हा प्रामाणिकपणा नोंदण्याजोगा आहे. त्यांनीं बाजरीचीं रोपें पोषक पाण्यांत वाढविलीं व अ‍ॅझोस्पिरिलम लावला. मुळांचें रूपच पालटलें. उपमुळें संख्येनें वाढलीं आणि त्यांवर मूलरोमांची दाट लव उगवली. जंतूंच्या संवर्धनांत इंडोल-अ‍ॅसेटिक आम्ल तर होतेंच, शिवाय जिबरेलिन व सायटोकायनिन ह्या वर्गांतलीं द्रव्यें होतीं. मग जंतूंना दूर ठेवून नुसतीं शुद्ध संप्रेरकें देऊन पाहिलीं. एकेकट्या द्रव्यानें चित्र जमेना: जिबरेलिनानें उपमुळें वाढलीं, सायटोकायनिनानें मूलरोम वाढले पण मुख्य मूळ खुरटलें. तिन्हीं एकत्र देतांच जंतूंनीं घडविलें होतें तसें मूळ दिसूं लागलें.

शेवटचा पुरावा १९८६ सालीं इटलींतून आला. तेथील संशोधकांनीं अ‍ॅझोस्पिरिलमचे दोन सदोष वाण घेतले. एकाची नत्र स्थिर करण्याची शक्ति नाहींशी झालेली, दुसऱ्याची इंडोल-अ‍ॅसेटिक आम्ल बनविण्याची शक्ति मंदावलेली. गव्हाला ते लावले. नत्रशक्ति गमावलेल्या जंतूनें मुळें पूर्वींसारखींच फोफावविलीं. दुसऱ्याच्या हातून तें झालें नाहीं. हेलरीगल यांच्या बर्लिनच्या भाषणाला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें पुरीं झालीं होतीं.

ह्या व्यवहाराची रीत समजून घेण्याजोगी आहे. मूळ आपल्या पाझरांत साखर, आम्लें आणि थोडेंसें ट्रिप्टोफॅन नांवाचें अमिनो-आम्ल सोडतें. जंतु तें ट्रिप्टोफॅन घेऊन त्याचें इंडोल-अ‍ॅसेटिक आम्ल बनवितो, आणि तें परत मुळांत शिरतें. म्हणजे कच्चा माल झाडाचा, कारागीर बाहेरचा, आणि तयार माल पुन्हां झाडाच्या घरांत. त्या आज्ञेनें उपमुळें फुटतात, लव वाढते, आणि मूळ अधिक मातीशीं संपर्क साधतें. जमिनींत जें आधींच आहे, तें पाणी, तें स्फुरद, तो घातलेल्या खतांतला नत्रच, रोपाला अधिक कार्यक्षमतेनें उचलतां येतो. म्हणूनच धान्याच्या पिकांत कांहीं नत्र वाढलेला दिसे, आणि पूर्वींचे लोक तो हवेंतून आला असें समजत. मात्र ह्या आज्ञेची मात्रा फार नाजुक असते. जेवढ्या ऑक्सिननें खोड वाढतें तेवढ्यानें मूळ खुंटतें. बियाण्यावर जंतूंचा थर अति दाट झाला तर फायद्याऐवजीं अपाय दिसतो, हें प्रयोगांत वारंवार आढळलें आहे. पुड्या दुप्पट घातल्या म्हणजे पीक दुप्पट, हा हिशेब येथें चालत नाहीं.

ह्या कथेंत आणखी एका वायूचें स्थान आहे, आणि तो मराठी घराला परका नाहीं. कच्चे आंबे गवतांत आढी घालून ठेवले कीं एक पिकला म्हणजे शेजारचे भराभर पिकतात. पिकत्या फळांतून इथिलिन वायु सुटतो व तो इतरांना पिकण्याची आज्ञा देतो. १९०१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें नेल्युबोव ह्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेंतील वाटाण्याचे कोंब वेडेवांकडे, जाडसर व आडवे वाढतांना दिसले. दिव्याच्या वायूंतील इथिलिन त्याला कारण निघालें. फळ स्वतःच हा वायु निर्माण करतें, हें १९३४ सालीं इंग्लंडांत गेन यांनीं सिद्ध केलें. दुष्काळ, क्षार किंवा साचलेलें पाणी ह्यांच्या ताणानें मुळांतहि हा वायु वाढतो आणि मुळाची वाढ थांबते. इथिलिन ज्या द्रव्यापासून तयार होतें त्याला शास्त्रज्ञ संक्षेपानें एसीसी म्हणतात. १९७८ सालीं होन्मा व शिमोमुरा ह्या जपानी संशोधकांना मातींतील एका जंतूंत हें एसीसी फोडणारें विकर सांपडलें. मुळांतून पाझरलेलें एसीसी जंतु खातो, त्यामुळें मुळांत इथिलिन कमी बनतें आणि ताणाच्या दिवसांतहि मूळ लांबत रहातें, अशी उपपत्ति कॅनडांतील बर्नार्ड ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं मांडली व ती आतां सर्वत्र मान्य झाली आहे.

ह्या उपपत्तींत एक मौज आहे. तो जंतु एसीसी खातो तें कशासाठीं? त्यांतील नत्रासाठीं! ज्या जंतूनें झाडाला नत्र द्यावा म्हणून एक शतक धडपड झाली, त्याचाच एक भाऊबंद झाडाकडूनच नत्र घेतो, आणि तें घेण्यानेंच झाडाचें कल्याण करतो. सहकार्य म्हणजे देणें, ही समजूत जंतूंच्या राज्यांत टिकत नाहीं. २००३ सालीं तर असें दिसून आलें कीं कांहीं जंतु झाडाला न शिवतांहि त्याची वाढ करतात. एका बशीच्या मधोमध आडपडदा घालून एका बाजूस बीं रुजविलें, दुसऱ्या बाजूस जंतु वाढविले. जंतूंकडून हवेवाटें गेलेल्या द्रव्यानें रोपें मोठीं झालीं.

ड्योबेरायनर बाईंनीं मात्र नत्राचा पिच्छा सोडला नाहीं. संप्रेरकांचा पुरावा त्यांना अमान्य होता असें नव्हे. पण मूळ प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आहे, हें त्यांनीं कधींच मान्य केलें नाहीं. उसांत त्या प्रश्नानें त्यांना बऱ्याच अंशीं साथ दिली. गोड रसांत, उसाच्या अंगांतच राहून नत्र स्थिर करणारा एक जंतु त्यांनीं व त्यांच्या सहकारी काव्हालकांते यांनीं १९८८ सालीं जाहीर केला. ज्या साखरेच्या हिशेबानें अ‍ॅझोटोबॅक्टर हरला होता, ती साखर येथें जंतूच्या भोंवतीं मुबलक होती. महाराष्ट्रांतील उसाच्या बेण्यालाहि आज त्याचें संवर्धन लावतात. २००० सालीं बाईंचें निधन झालें, तेव्हां ब्राझीलचें सोयाबीन त्यांच्या जंतूंवर उभें होतें, आणि धान्यांचा नत्र हा विषय अजून वादांतच होता.

बाजरीच्या पुडीचें काय? इस्राएलमध्यें ह्या जंतूवर दीर्घकाळ काम केलेले याकोव ओकोन आणि उरुग्वेच्या लाबांदेरा-गोन्सालेस यांनीं १९९४ सालीं वीस वर्षांच्या शेतप्रयोगांचा आढावा घेतला. शंभरांतील साठ ते सत्तर प्रयोगांत फायदा दिसला, आणि जेथें दिसला तेथें उत्पन्न ५ ते ३० टक्क्यांनीं वाढलें. खत थोडें व पाणी बेताचें असलेल्या शेतांत ही वाढ मोठी आहे. परंतु ती खताच्या ऐवजीं मिळत नाहीं. थोडक्या खताचा अधिक उपयोग होतो, म्हणून मिळते. उरलेल्या तीस-चाळीस प्रयोगांत कांहींच मिळालें नाहीं, हेंहि दुकानदारानें सांगावयास हवें.

भारत सरकारच्या खत-नियंत्रण आदेशांत जिवाणू-खतांचा समावेश २००६ सालीं झाला. भुकटींत ग्रॅममागें निदान पांच कोटि जंतु जिवंत असले पाहिजेत, अशी अट त्यांत घातली गेली. जंतूच्या गुणाची कसोटीहि ठरविण्यांत आली. अ‍ॅझोटोबॅक्टरनें ग्रॅमभर साखरेमागें निदान दहा मिलिग्रॅम नत्र स्थिर केला पाहिजे. अ‍ॅझोस्पिरिलमनें नत्ररहित अर्धवट जेलींत पांढरा पडदा धरला पाहिजे. हा सेरोपेदिकाच्या नळींतलाच पडदा. बाजरीच्या मुळाला उपमुळें किती फुटलीं, हें मोजण्याचें कलम त्या कसोटींत नव्हतें.